मोफत दूरचित्रवाणीसाठी बाहेरचा अँटेना : निवड आणि उभारणी

जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून मोफत प्रक्षेपित होणारी दूरचित्रवाणी पाहायची, तर वर्गणी भरावी लागत नाही, उपग्रहाची छत्री लागत नाही आणि इंटरनेटची जोडणीही लागत नाही. एक अँटेना, त्यातून निघणारी केबल आणि दूरचित्रवाणी संचातला, हवी ती वाहिनी निवडणारा ट्यूनर एवढ्यावर काम भागते. साखळी इतकी छोटी असल्यामुळेच बहुधा तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. सर्वांत मोठा दिसणारा अँटेना आणायचा, छतावर उभा करायचा आणि चित्र अडखळले की त्याला ॲम्प्लिफायर जोडायचा, असा क्रम अनेक जण धरतात आणि पुष्कळदा तो फसतो. अँटेनाच्या टोकाशी सिग्नल आणि नॉइज यांचे जे प्रमाण मिळते, ते पुढे कोणत्याही उपकरणाने सुधारता येत नाही. फार तर ते बिघडू न देता संचापर्यंत नेता येते. अँटेना कोणता, तो कुठे, केबल कशी, जोड कसे, हे सगळे निर्णय या एका गोष्टीशी बांधलेले आहेत.

नॉइज म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणारी नको असलेली विद्युत खळबळ. ती काही प्रमाणात ट्यूनरच्या स्वतःच्या भागांत उष्णतेमुळे निर्माण होते आणि काही प्रमाणात मोटारी, स्वस्त चार्जर, एलईडी दिवे यांच्याकडून हवेतून येते. जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात नॉइज वाढला, की चित्रावर पांढरे ठिपके दिसू लागत आणि चित्र हळूहळू धूसर होत जाई. त्यामुळे सिग्नल किती कमकुवत आहे ते डोळ्यांना कळत असे. डिजिटल प्रक्षेपणात तसे होत नाही. ठरावीक मर्यादेच्या वर चित्र निर्दोष असते, त्या मर्यादेच्या आसपास ते चौकोनांत फुटते, आवाज तुटतो आणि आणखी एक-दोन डेसिबल खाली गेल्यावर पडदा काळा होतो. अमेरिकेतल्या एटीएससी पद्धतीच्या पहिल्या पिढीत सिग्नल नॉइजपेक्षा सुमारे १५ डेसिबल वर असावा लागतो. युरोपात रुळलेल्या डीव्हीबी-टी कुळातल्या पद्धतींत प्रक्षेपकाने निवडलेल्या मांडणीनुसार हा आकडा बदलतो. आज चित्र स्वच्छ दिसते म्हणून सिग्नल भक्कम आहे असे समजता येत नाही, कारण आपण त्या कड्यापासून एका पावलावर उभे आहोत की दहा, हे चित्रावरून कळत नाही. पावसात भिजलेली पाने किंवा वाऱ्याने किंचित फिरलेला खांब एवढ्यानेही ते एक पाऊल ओलांडले जाते. म्हणून गरजेपेक्षा सुमारे १० डेसिबल अधिक सिग्नल हाताशी राहील अशी मांडणी करणे इष्ट.

डेसिबल हा शब्द पुढे वारंवार येणार असल्याने त्याचा हिशेब इथेच सांगून ठेवतो. ३ डेसिबलची वाढ म्हणजे शक्ती दुप्पट, १० डेसिबल म्हणजे दहापट आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट. घटही याच मापाने मोजली जाते, त्यामुळे अँटेनाकडून मिळालेला लाभ आणि केबलमध्ये झालेली घट यांची सरळ बेरीज-वजाबाकी करता येते.

अँटेनाच्या आधी मनोऱ्यांची माहिती

खरेदीपूर्वी चार गोष्टी कळायला हव्यात : आपल्या जागेला पोहोचणारे प्रक्षेपण मनोरे कोणत्या दिशेला आहेत, किती अंतरावर आहेत, कोणत्या वारंवारतेवर प्रक्षेपण करतात आणि त्यांच्या लहरींचे ध्रुवीकरण, म्हणजे लहरींतल्या विद्युत कंपनांची दिशा, आडवे आहे की उभे. अनेक देशांत प्रक्षेपण नियामक किंवा प्रक्षेपक संस्था पत्ता टाकल्यावर ही माहिती देणारे नकाशे उपलब्ध करून देतात. अमेरिकेत फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचा असा नकाशा आहे, ऑस्ट्रेलियात मायस्विच हे संकेतस्थळ आहे, आणि ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यू या मोफत दूरचित्रवाणी सेवेच्या ग्रहणाचा अंदाज पत्त्यानुसार पाहता येतो. हे अंदाज भूपृष्ठाच्या चढउतारांवरून संगणकाने काढलेले असतात. शेजारची इमारत किंवा समोरचे झाड त्यांत असतेच असे नाही. तरीही दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा हा नकाशा अधिक विश्वासार्ह आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वारंवारता पाहताना एक फसवी गोष्ट आहे. पडद्यावर दिसणारा वाहिनीचा क्रमांक आणि ती प्रत्यक्षात ज्या वारंवारतेवर प्रक्षेपित होते तो क्रमांक एकच असेल असे नाही. अमेरिकेत पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी बंद झाले. त्या संक्रमणात अनेक केंद्रे नव्या वारंवारतांवर गेली, पण प्रेक्षकांच्या सोयीसाठी त्यांनी जुने क्रमांक पडद्यावर तसेच ठेवले. पडद्यावर ‘४’ दिसणारी वाहिनी प्रत्यक्षात यूएचएफ या वरच्या वारंवारतांच्या पट्ट्यात असू शकते आणि त्या क्रमांकावर भरवसा ठेवून व्हीएचएफ या खालच्या वारंवारतांच्या पट्ट्याचा अवाढव्य अँटेना आणणारा माणूस विनाकारण खर्चात पडतो. उलट घडणेही शक्य आहे : फक्त यूएचएफसाठी बनवलेला सुबक अँटेना लावल्यावर दोन-तीन वाहिन्या काही केल्या येत नाहीत, कारण त्या व्हीएचएफवर असतात.

या दोन पट्ट्यांचा अँटेनाच्या आकाराशी थेट संबंध आहे. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागले, की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते आणि साध्या अँटेनाचा मुख्य दांडा साधारण तिच्या निम्म्या लांबीचा असतो. ६०० मेगाहर्ट्झला, म्हणजे यूएचएफमध्ये, तरंगलांबी ५० सेंटीमीटर आणि दांडा सुमारे २५ सेंटीमीटरचा होतो. वरच्या व्हीएचएफ पट्ट्यात, २०० मेगाहर्ट्झला, तोच दांडा ७५ सेंटीमीटरचा लागतो. खालच्या व्हीएचएफ पट्ट्यात, ६० मेगाहर्ट्झच्या आसपास, तो अडीच मीटरवर जातो. पुस्तकाएवढ्या खोक्यात सर्व पट्टे उत्तम पकडण्याचा दावा केला जातो, तेव्हा ही साधी भागाकाराची कसोटी लावून पाहावी.

अंतराबद्दलही भौतिकशास्त्र ठाम आहे. या वारंवारतांच्या लहरी पृथ्वीच्या वक्रतेबरोबर थोड्याशाच वळतात. सामान्य हवामानात अँटेनाच्या उंचीचे मीटरमधले वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले, की त्याचे रेडिओ-क्षितिज, म्हणजे लहरी थेट पोहोचू शकतात ते अंतर, किलोमीटरमध्ये मिळते. १० मीटर उंचीवरच्या अँटेनाचे क्षितिज सुमारे १३ किलोमीटर आणि ३०० मीटर उंच मनोऱ्याचे सुमारे ७१ किलोमीटर. दोन्ही मिळून ८४ किलोमीटर. याच्या पलीकडे काहीच येत नाही असे नव्हे. डोंगराच्या कडेवरून वाकून येणाऱ्या किंवा वातावरणात विखुरलेल्या लहरी पोहोचतात, पण त्या कमकुवत आणि चंचल असतात. म्हणूनच वेष्टनावर शेकडो किलोमीटरचा पल्ला छापलेला असेल, तर तो आकडा अँटेनाचा गुण म्हणून वाचू नये. पल्ला मनोऱ्याची उंची, त्याची शक्ती आणि मधला भूभाग ठरवतो; अँटेना एकटा तो ठरवूच शकत नाही. ‘एचडी’ किंवा ‘फोर-के’ अँटेना या बिरुदांनाही तांत्रिक अर्थ नाही, कारण लहरीत भरलेले चित्र कोणत्या दर्जाचे आहे याच्याशी धातूच्या दांड्यांना काही देणेघेणे नसते.

कोणता प्रकार घ्यावा

छतांवर सर्वाधिक दिसतो तो यागी-उदा अँटेना. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६च्या सुमारास तो मांडला. त्यातल्या एकाच दांड्याला केबल जोडलेली असते. त्याच्या मागे थोडा लांब दांडा किंवा जाळी असते, ती रिफ्लेक्टर. पुढे क्रमाने आखूड दांडे असतात, ते डायरेक्टर. हे मागचे-पुढचे दांडे कोणत्याही तारेला जोडलेले नसतात, तरी त्यांच्यात उत्पन्न होणाऱ्या प्रवाहांमुळे समोरून येणाऱ्या लहरी मुख्य दांड्यावर एकमेकींना पूरक होतात आणि मागून येणाऱ्या बऱ्याच अंशी रद्द होतात. डायरेक्टर जितके अधिक, तितका लाभ अधिक आणि झोत, म्हणजे अँटेना ज्या कोनातून ग्रहण करतो तो, अरुंद. म्हणजेच लाभ ही निर्माण केलेली जादा शक्ती नसून इतर दिशांकडे दुर्लक्ष करून एका दिशेला दिलेले लक्ष असते. सगळे मनोरे एकाच दिशेला आणि लांब असतील, तर यागी योग्य. ते वेगवेगळ्या दिशांना विखुरलेले असतील, तर त्याचा हाच गुण अडचण ठरतो.

यागीची आणखी एक मर्यादा आहे आणि ती आज विशेष महत्त्वाची झाली आहे. त्याचा लाभ सर्व वारंवारतांवर सारखा नसतो. ज्या वरच्या मर्यादेसाठी तो आखलेला असतो तिच्या जवळ तो सर्वाधिक असतो आणि खाली उतरत जातो. एके काळी युरोपात दूरचित्रवाणीचा यूएचएफ पट्टा ४७० ते ८६२ मेगाहर्ट्झ होता. पुढे त्याचा वरचा भाग मोबाइल सेवांना दिला गेला आणि आता तिथे तो ६९४ मेगाहर्ट्झपाशी संपतो; अमेरिकेत २०२० मध्ये पूर्ण झालेल्या फेररचनेनंतर तो ६०८ पर्यंतच उरला. ८६२ पर्यंत आखलेला जुना यागी आज त्या टोकाला सर्वांत संवेदनशील आहे, जिथे दूरचित्रवाणी उरलेलीच नाही आणि मोबाइलचे मनोरे मात्र जोरात बोलत आहेत. जिथे वाहिन्या आहेत, तिथे तो तुलनेने मंद आहे. म्हणून नवा अँटेना घेताना आपल्या देशाच्या आजच्या पट्ट्यासाठी तो आखलेला आहे का, हे उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात पाहावे. बरेच दांडे पाहून भुलू नये.

दुसरा प्रकार लॉग-पिरिऑडिक. हा १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात विकसित झाला. यात सर्व दांडे दुहेरी वाहकाने एकमेकांना जोडलेले असतात, त्यांची लांबी आणि अंतरे एका ठरावीक गुणोत्तराने घटत जातात आणि वारंवारतेनुसार त्यांतले दोन-चार दांडेच प्रत्यक्ष काम करतात. कमाल लाभात तो मोठ्या यागीपेक्षा मागे पडतो, पण संपूर्ण पट्ट्यावर तो जवळजवळ समान राहतो, मागचा सिग्नल चांगला अडवतो आणि वाऱ्याला कमी अडथळा करतो. मध्यम किंवा चांगला सिग्नल असलेल्या बहुतेक घरांसाठी हाच सर्वांत शहाणा पर्याय आहे, असे मी मानतो. केवळ लहान दिसतो म्हणून तो मागे ठेवला जातो, हे योग्य नाही.

तिसरा प्रकार जाळीसमोर फुलपाखराच्या पंखांसारखे दांडे एकावर एक बसवलेल्या फलक-अँटेनाचा. यूएचएफमध्ये त्याचा लाभ उत्तम असतो आणि आडवा झोत लांब यागीपेक्षा रुंद असतो, त्यामुळे थोड्याशा वेगळ्या दिशांना असलेले दोन मनोरे त्याच्या कक्षेत येऊ शकतात. सर्व दिशांनी सारखेच ग्रहण करणाऱ्या गोल चकतीसारख्या अँटेनाबद्दल मात्र सावध राहावे. तो कोणत्याच दिशेला लक्ष देत नाही, म्हणून परावर्तित लहरी आणि स्थानिक नॉइज हेही तो तितक्याच आपुलकीने गोळा करतो.

तांत्रिक पत्रकातला लाभ ‘डीबीआय’ या मापात आहे की ‘डीबीडी’ या, हे पाहिल्याशिवाय दोन अँटेनांची तुलना करू नये. पहिले माप सर्व दिशांना सारख्या अशा काल्पनिक बिंदूच्या तुलनेत असते आणि दुसरे साध्या अर्धतरंग द्विध्रुवाच्या, म्हणजे निम्म्या तरंगलांबीच्या एकाच दांड्याच्या अँटेनाच्या, तुलनेत. त्यामुळे तोच अँटेना पहिल्या मापात २.१५ डेसिबलने मोठा दिसतो. आत ॲम्प्लिफायर असलेल्या अँटेनाच्या वेष्टनावर ॲम्प्लिफायरची वाढही या आकड्यात मिसळलेली असते आणि मग ३०-४० असे आकडे दिसतात. धातूच्या दांड्यांनी एवढा लाभ मिळणे घरगुती आकारात शक्य नाही.

मनोरे खरोखरच दोन विरुद्ध दिशांना असतील, तर दोन अँटेना एका साध्या जोडणीने एकत्र करण्याचा मोह होतो. दोन्ही एकाच पट्ट्याचे असतील, तर एकाच केंद्राच्या लहरी दोन्हीकडून वेगवेगळ्या वेळी येऊन परस्परांना छेदतात आणि जोडणीतच निम्मी शक्ती जाते. एक व्हीएचएफचा आणि दुसरा यूएचएफचा असेल, तर मात्र दोन पट्टे वेगळे ठेवणाऱ्या डायप्लेक्सरने ते स्वच्छपणे एका केबलवर आणता येतात. एरवी अँटेना फिरवणारी मोटार किंवा दोन स्वतंत्र ट्यूनर हे अधिक खात्रीचे मार्ग आहेत.

जागा

सपाट प्रदेशात अँटेनाची उंची दुप्पट केली, की सिग्नल ढोबळमानाने ६ डेसिबलपर्यंत वाढू शकतो. अँटेनाचा आकार दुप्पट करून इतका लाभ क्वचितच मिळतो. तरीही ‘जितके उंच तितके चांगले’ हा नियम सर्वत्र चालत नाही. लहरी थेट येतात तशा जमिनीवरून, पत्र्याच्या छपरावरून आणि समोरच्या भिंतींवरूनही परावर्तित होऊन येतात. काही ठिकाणी त्या एकमेकींना बळ देतात, तर काही ठिकाणी एकमेकींना संपवतात. यूएचएफमध्ये हे चढउतार अवघ्या काही सेंटीमीटरच्या अंतराने बदलू शकतात. त्यामुळे खांब कायमचा बसवण्याआधी अँटेना हातात किंवा तात्पुरत्या काठीवर धरून छताच्या तीन-चार जागांवर, दोन-तीन उंचींवर ग्रहण तपासून पाहावे. या तपासणीत घालवलेला अर्धा तास पुढची पुष्कळ खटपट वाचवतो.

जागा निवडताना मनोऱ्याच्या दिशेचा अडथळा पाहावा. मागच्या बाजूला काय आहे याला फारसे महत्त्व नाही. झाडे यूएचएफ लहरी शोषतात आणि ओल्या पानांत हे शोषण वाढते, म्हणून पानगळीच्या दिवसांत उत्तम चालणारी मांडणी हिरवाई आल्यावर कोलमडू शकते. अँटेना छपराखालच्या पोटमाळ्यात ठेवला तर वारा-पावसाचा प्रश्न मिटतो, पण छपराचे साहित्य लहरींचा काही भाग गिळते आणि पत्रा किंवा धातूचा पापुद्रा लावलेले उष्णतारोधक असेल, तर हा मार्ग जवळजवळ बंदच होतो.

ध्रुवीकरणाचा मुद्दा छोटा आहे, पण चुकला तर महाग पडतो. मनोऱ्याच्या लहरी आडव्या असतील तर अँटेनाचे दांडे जमिनीला समांतर हवेत, उभ्या असतील तर उभे. ब्रिटनमध्ये मुख्य मनोरे बहुधा आडव्या आणि त्यांचे छोटे सहायक मनोरे बहुधा उभ्या ध्रुवीकरणाचे असतात, म्हणून शेजारच्या गावातला अँटेना पाहून आपला लावणे धोक्याचे. उलट ध्रुवीकरणात २० डेसिबलच्या आसपास घट होऊ शकते, म्हणजे शंभरातला एखादाच हिस्सा हाती लागतो.

केबल, स्प्लिटर आणि ॲम्प्लिफायर

अँटेनापासून संचापर्यंत ७५ ओहमची कोॲक्सियल केबल वापरतात. आरजी-६ या सर्वसामान्य प्रकारात ६०० मेगाहर्ट्झला ३० मीटरमागे सुमारे ५ डेसिबलची घट होते, म्हणजे निघालेल्या सिग्नलचा तिसरा हिस्साच पोहोचतो. त्याहून बारीक आरजी-५९ मध्ये घट आणखी जास्त असते, त्यामुळे छतावरून आणण्यासाठी ती टाळावी. व्हीएचएफमध्ये हीच घट बरीच कमी असते. सिग्नल दोन संचांना वाटणारा स्प्लिटर प्रत्येक फाट्यावर सुमारे ३.५ डेसिबल खातो, चार फाट्यांचा सुमारे ७. हे आकडे किरकोळ वाटतात. त्यांचा परिणाम पाहण्यासाठी एक उदाहरण सोडवून पाहू.

समजा छतापासून ३० मीटर केबल आहे, पुढे चार फाट्यांचा स्प्लिटर आहे आणि प्रत्येक ट्यूनर स्वतः ७ डेसिबल नॉइजची भर घालतो. केबलचे ५, स्प्लिटरचे ७ आणि ट्यूनरचे ७ मिळून अँटेनापाशी मिळालेले सिग्नल-नॉइज प्रमाण १९ डेसिबलने खालावते. आता २० डेसिबल वाढवणारा आणि स्वतः २ डेसिबल नॉइज घालणारा ॲम्प्लिफायर अगदी अँटेनाजवळ, खांबावर बसवला, तर एकूण खालावणे ४ डेसिबलच्याही खाली येते. तोच ॲम्प्लिफायर स्प्लिटरच्या पुढे, संचामागे ठेवला, तर ते १४ डेसिबलच्या आसपास राहते. उपकरण एकच, पण जागा बदलल्याने दहापट फरक. सिग्नल कमकुवत होण्याआधी वाढवला, तर पुढची घट त्याला फारशी बाधत नाही. कमकुवत झाल्यावर वाढवला, तर त्याच्याबरोबर नॉइजही तितकाच वाढतो. गजबजलेल्या सभागृहात मागच्या रांगेत मायक्रोफोन ठेवून वक्त्याचा आवाज मोठा केला, तर गलकाही तेवढाच मोठा होतो. मायक्रोफोन वक्त्याच्या तोंडाशीच हवा.

खांबावरच्या ॲम्प्लिफायरला वीज त्याच कोॲक्सियल केबलमधून जाते आणि ती घालणारा छोटा पुरवठा घरात बसवलेला असतो. पुरवठा आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये स्प्लिटर असेल, तर त्याचा वीज जाऊ देणारा फाटाच वापरावा लागतो. हे विसरल्यामुळे ‘ॲम्प्लिफायर लावल्यावर सगळेच बंद पडले’ अशी तक्रार अनेकदा ऐकू येते.

मात्र मनोरा जवळ असेल आणि सिग्नल तगडा असेल, तर ॲम्प्लिफायर अपाय करतो. त्याच्या क्षमतेबाहेरचा सिग्नल आत आला, की तो वेगवेगळ्या वाहिन्यांचे मिश्रण करून नव्या वारंवारतांवर कृत्रिम नॉइज उभा करतो आणि कमकुवत वाहिन्या त्यात बुडतात. जवळचा मोबाइल मनोरा किंवा एफएम केंद्र हेही हाच उपद्रव करू शकतात, म्हणून त्यांच्या वारंवारता अडवणारा फिल्टर ॲम्प्लिफायरच्या आधी हवा, नंतर नव्हे. माझा आग्रह असा, की पहिली चाचणी नेहमी ॲम्प्लिफायरशिवाय, छोट्या केबलने आणि एकाच संचावर घ्यावी. तिथे वाहिनी येतच नसेल, तर ॲम्प्लिफायर ती क्वचितच आणतो; तिथे येत असेल आणि लांब केबलनंतर जात असेल, तर ॲम्प्लिफायरची खरी गरज सिद्ध होते.

जोडांबद्दल थोडेच सांगायचे आहे. केबलच्या टोकाचा कनेक्टर दाबून बसणारा, बाहेरच्या वापराचा हवा; बाहेरच्या विणीची एकही बारीक तार मधल्या वाहकाला स्पर्श करता कामा नये. छतावरचा प्रत्येक जोड स्वतःला चिकटणाऱ्या रबरी पट्टीने गुंडाळावा. केबल घरात शिरते तिथे तिला खाली झुकलेला एक वळसा द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी आत न जाता तिथूनच खाली ठिबकते. तिला काटकोनात मोडू नये. वळणाची त्रिज्या सात-आठ सेंटीमीटरपेक्षा कमी नसावी.

उभारणी आणि सुरक्षितता

या भागात घाई करू नये, कारण इथली चूक जिवावर बेतते. सर्वांत मोठा धोका वरून जाणाऱ्या वीजवाहिन्यांचा असतो. उभा करताना धातूचा खांब हातातून निसटून तारेवर पडला, तर तो धरणाऱ्याला वाचण्याची संधी मिळत नाही. म्हणून खांब आणि अँटेना मिळून जेवढी उंची होते, ती कोणत्याही बाजूला आडवी पडली तरी तारेपासून भरपूर दूर राहील, अशीच जागा निवडावी. तशी जागा नसेल, तर काम स्वतः करूच नये. कोरड्या, वारा नसलेल्या दिवशी, सोबत दुसरी व्यक्ती असताना आणि धातूची नसलेली शिडी वापरूनच छतावर चढावे. उतरत्या छपरावर दोर आणि पट्टा हवाच.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला, की दाब चौपट. लांब खांबाच्या टोकाला बसवलेल्या अँटेनावरचा हा दाब तरफेसारखा खालच्या पकडीवर येतो. म्हणून भिंतीवरच्या दोन पकडींमध्ये शक्य तितके अंतर ठेवावे, पकडी विटांच्या सांध्यात न बसवता भक्कम भागात बसवाव्यात आणि उंच खांबाला तीन दिशांनी तणावे द्यावेत. जुन्या धुराड्याला पट्ट्याने बांधण्याची पद्धत प्रचलित आहे, पण झिजलेल्या चुन्याचे धुराडे वाऱ्यात हलणाऱ्या खांबाचा भार फार काळ सोसत नाही.

अर्थिंग दोन कामे करते. वारा आणि ढगांमुळे खांबावर साठणारा स्थिर विद्युतभार ते सतत जमिनीत जाऊ देते आणि जवळपास वीज कोसळल्यास केबलमध्ये उत्पन्न होणाऱ्या लाटेला घराबाहेरच वाट देते. थेट अँटेनावर वीज पडली, तर मात्र ते संपूर्ण संरक्षणाची हमी देत नाही. खांब जाड तांब्याच्या वाहकाने अर्थला जोडावा. युरोपीय मानकात त्यासाठी किमान १६ चौरस मिलिमीटर तांबे सांगितले आहे, इतरत्र नियम वेगळे आहेत आणि ते स्थानिक विद्युत नियमांतून पाहावेत. केबलचे बाहेरचे आवरणही घरात शिरण्यापूर्वी अर्थिंगच्या ठोकळ्यातून न्यावे. अँटेनासाठी वेगळा अर्थ-दांडा ठोकला असेल, तर तो इमारतीच्या मुख्य अर्थिंगशी जोडलेला असणे अत्यावश्यक आहे. दोन्ही सुटे राहिले, तर वीज कोसळताना त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक निर्माण होऊ शकतो आणि तो दूरचित्रवाणी संचातून वाट काढतो. हे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून करून घेणे उत्तम.

दिशा लावणे

नकाशावर दिलेला कोन बहुधा खऱ्या उत्तरेपासून मोजलेला असतो आणि होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवते. दोन्हींतला फरक काही प्रदेशांत १५ अंशांपर्यंत जातो. अरुंद झोताच्या यागीला एवढी चूक परवडत नाही. शिवाय होकायंत्र लोखंडी खांबाजवळ धरले तर तेही चुकते, म्हणून दोन-तीन मीटर दूर उभे राहून दिशा घ्यावी आणि त्या रेषेतली एखादी लांबची खूण लक्षात ठेवावी. यागी आणि लॉग-पिरिऑडिक या दोन्हींचे आखूड दांड्यांचे टोक मनोऱ्याकडे हवे. उलटा लावलेला अँटेना दिसायला अगदी ठीक दिसतो आणि जवळच्या मनोऱ्याचे सिग्नल आणतोही, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

त्यानंतर बारीक जुळवणी. संचाच्या मेनूत बहुधा सिग्नलची तीव्रता आणि गुणवत्ता असे दोन मापक असतात. फिरवताना गुणवत्तेकडे पाहावे, कारण तीव्रतेत नॉइज आणि परावर्तित लहरीही मोजल्या जातात. हा मापक उशिरा प्रतिसाद देतो, म्हणून पाच अंश फिरवावे, काही सेकंद थांबावे, वाचावे आणि मगच पुढे जावे. सर्वांत चांगली येणारी वाहिनी घेऊन दिशा लावण्यात अर्थ नाही. सर्वांत कमकुवत, पण हवी असलेली वाहिनी समोर ठेवावी. उत्तम बिंदू सापडला, की त्याच्या दोन्ही बाजूंना गुणवत्ता कुठे घसरू लागते ते पाहून मधोमध खांब घट्ट करावा. कधीकधी नकाशातल्या दिशेपेक्षा वेगळ्याच दिशेला, समोरच्या उंच भिंतीवरून परावर्तित होऊन, अधिक चांगला सिग्नल मिळतो. डोंगराआडच्या घरांत हाच एकमेव मार्ग असू शकतो आणि तो वापरण्यात काहीही गैर नाही.

वाहिन्या शोधणारा पूर्ण स्कॅन सर्वांत शेवटी, अँटेना घट्ट केल्यानंतर करावा. उन्हाळ्यात स्थिर, उच्च दाबाच्या हवेत लहरी नेहमीपेक्षा कितीतरी दूर पोहोचतात. अशा दिवशी केलेल्या स्कॅनमध्ये शेकडो किलोमीटरवरच्या वाहिन्या यादीत येतात आणि दुसऱ्या दिवशी नाहीशा होतात. याच हवामानात दूरचा मनोरा त्याच वारंवारतेवरच्या जवळच्या केंद्रात व्यत्ययही आणतो. त्या दिवसांत नीट लावलेला अँटेना पुन्हा फिरवू नये, स्कॅनही करू नये. एक-दोन दिवसांत हवा बदलली की ग्रहण पूर्ववत होते. हवा बदलूनही एखादी वाहिनी परतली नाही, तर केंद्राने वारंवारता बदलली आहे का ते नियामकाच्या नकाशावर पाहावे आणि बदलली असल्यास नव्याने स्कॅन करावा. सगळ्याच वाहिन्या एकत्र खालावल्या असतील, तर आधी छतावरचा पहिला कनेक्टर उघडून आत पाणी किंवा हिरवट गंज आहे का ते पाहावे; असल्यास केबलचे टोक कोरड्या, चकचकीत तांब्यापर्यंत कापून नवा कनेक्टर बसवावा.